झरेबाबांची गंगा

गुरुवार आला की मुलुंडच्या त्या धर्मादाय हॉस्पिटलच्या मागच्या आवारात पाऊल ठेवायला जागा राहत नसे. नाहूर, भांडुप, ठाणे, कुठून कुठून माणसं येत. कुणाकडे नारळ, कुणाकडे हार, आणि रिकामी बाटली मात्र प्रत्येकाकडे. काही दूरदर्शी मंडळी तर घासूनपुसून स्वच्छ केलेला रॉकेलचा डबाच घेऊन येत. आवारात जांभळाचं झाड होतं. झाडाखाली पांढऱ्या फरश्या बसवलेलं कुंड, कुंडावर पितळेचं गोमुख, आणि गोमुखाशेजारी वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेल्या चादरीवर साक्षात झरेबाबा.

समोर हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर किडनीच्या यंत्रांची खोली होती. त्या यंत्रांना साधं पाणी चालत नाही. गच्चीवर आर.ओ.चा प्लांट होता, तो म्युनिसिपालिटीच्या पाण्यातले क्षार काढून टाकायचा आणि शुद्ध पाणी खाली यंत्रांना पुरवायचा. त्याच पाण्याचा एक नळ खोलीच्या खिडकीत होता. खालच्या गर्दीला तो स्पष्ट दिसायचा, आणि बाबांचा सगळा खेळ त्या नळाशी होता.

"अरे, ही मशीन विलायतची!" बाबा लाउडस्पीकरवरून गरजत. "तिला एच-टू-ओ ठाऊक, गंगामाता नाही ठाऊक! आईला तुम्ही नळीत कोंडता? पंपाचे धक्के मारता? मग आई रुसणार नाही तर काय करणार? बघा, बघा, निघाली आई!"

आणि खरोखरच खिडकीतल्या नळाची धार बारीक व्हायची, करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग नुसते थेंब. त्याच वेळी इकडे गोमुखातून पाणी धो धो कोसळायला लागायचं. बायका हात जोडून रडायच्या. मग बाबा डोळे मिटायचे, घशातून घूं घूं असा आवाज काढायचे, आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "जा माते, लेकरं वर तहानलेली आहेत." गोमुख मंदावायचं, खिडकीतला नळ पुन्हा जोमानं वाहू लागायचा. प्लांट सांभाळणारा चंद्रप्रकाश, हॉस्पिटलच्या निळ्या गणवेशात, गच्चीवरून धावत खाली यायचा आणि शंख फुंकायचा. बाबांचा तो पट्टशिष्य.

त्या गुरुवारी सुलक्षणा मेस्त्री शाळेतून अर्धी रजा घेऊन आली होती. ती नाहूरला राहायची आणि मुलुंडच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिचा मोठा भाऊ दशरथ, पूर्वी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तो इथं यंत्राला लागायचा. त्याला न्यायला ती आली, तर खाट रिकामी.

"पाण्याला जोरच नाही हो सकाळपासून," खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टर जयंती म्हणाल्या. किडनी विभाग त्यांच्याकडे होता आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवस झोप न मिळाल्यासारखा दिसत होता. "दर गुरुवारी हेच. दशरथरावांना म्हटलं होतं थांबा, संध्याकाळी लावते. ते खाली गेले."

सुलक्षणा धावतच जिना उतरली. दशरथ कुंडाच्या काठावर बसला होता. हातात तांब्या होता, सदऱ्याचा पुढचा भाग ओला होता, आणि तो हसत होता. दोन वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. किडनीच्या रोग्याला पाणी मोजून असतं. दिवसाला दोन-तीन कप, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. दशरथ उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा तोंडात धरून अख्खी दुपार काढायचा.

"दादा! किती प्यायलास?"

"पोटभर गं, सुले." त्यानं तांब्या छातीशी धरला. "पोटभर पाणी प्यायलो. बाबा म्हणाले हे तीर्थ आहे, कितीही प्यायलं तरी अंगात साठत नाही. आणि आता मशीन नको म्हणाले. सोमवारी पण नको."

"वेडा झालायस का तू? चल वर. आत्ताच्या आत्ता चल!"

तेवढ्यात दशरथची बायको द्रौपदी मध्ये आली. ती कणकवलीची, लग्नाला वीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. "गो सुला, नको ओरडू. कितक्या दिसांनी तेंका पाणी गावलां. माणूस हसताहा, बघ तरी."

सुलक्षणानं बघितलं आणि ती गप्प बसली. नंतर ज्या ज्या गोष्टींचा तिला राग आला, त्यांत हा गप्प बसण्याचा राग फार मोठा होता.

दशरथ घरी गेला. बरोबर दोन कॅन तीर्थ. शुक्रवारी पावलं सुजली, शनिवारी चेहरा. "बाहेर पडतंय सगळं, बाबा म्हणालेच होते," असं तो म्हणत राहिला. रविवारी पहाटे त्याला श्वास घेता येईना. टॅक्सीत त्याचं डोकं सुलक्षणाच्या मांडीवर होतं, त्याच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. कोरड्या टॅक्सीत, मुलुंडच्या रस्त्यावर, माणूस आतल्या आत बुडाला. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर जयंतींनी नाडी पाहिली आणि नुसती मान हलवली.

तेराव्याला चंद्रप्रकाश नाहूरच्या खोलीवर आला. हातात प्रसादाची पुडी आणि बाबांचा निरोप.

"बाबा म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. दशरथभाऊंनी तीर्थ घेतलं, पण घरातल्या माणसाच्या मनात शंका होती. शंकेच्या घरात माता थांबत नाही."

बोलताना तो सुलक्षणाकडे बघत होता. द्रौपदीनं पुडी घेतली, उघडली, आणि शांतपणे गॅलरीतून खाली गटारात टाकून दिली. मग ती आत येऊन सुलक्षणाच्या समोर बसली.

"सुला, तू मास्तरीण. माका एकच सांग. ता पाणी खंयसून येता?"

पाणी कुठून येतं, या प्रश्नानं सुलक्षणाच्या डोक्यातला धूर एकदम खाली बसला. तोवर तिच्या मनात एकच होतं, त्या बाबाच्या थोबाडीत मारायची. आता तिला त्याहून चांगलं काहीतरी दिसायला लागलं. थोबाडीत मारली तर गाल लाल होतो आणि संध्याकाळी उतरतो. तिला असा घाव हवा होता, जो उतरणार नाही.

मंगळवारी, गर्दी नसताना, ती कुंडावर गेली. गोमुखातून बारीक धार चालूच होती. तिनं बाटली भरून घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत एका परीक्षानळीत साधं नळाचं पाणी घेतलं, दुसरीत तीर्थ, आणि दोन्हींत, मीठ असेल तर पाणी पांढरं पाडणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नळाचं पाणी किंचित धुरकट झालं. तीर्थ चांगलंच पांढरं पडलं. म्हणजे तीर्थात मीठ साध्या पाण्याहून जास्त. मुलुंडमध्ये साध्या पाण्यातलं मीठ वाढवून द्यायला कोण बसलंय? आणि मग तिला एकदम उत्तर सापडलं. पाण्यातलं मीठ काढणारं यंत्र तर गच्चीवरच होतं. काढलेलं मीठ कुठंतरी जातच असणार.

ती तशीच डॉक्टर जयंतींकडे गेली.

"डॉक्टर, तुमच्या प्लांटमधून जे घाण पाणी बाहेर पडतं, ते कुठं सोडता?"

"गटारात. मागच्या बाजूनं पाइप जातो." डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाल्या. "अहो, त्या प्लांटचं मी सगळं करून बघितलं. गाळण्या बदलल्या. टाकी धुतली. पंपवाला येऊन गेला, पंप ठणठणीत म्हणाला. आतला मीठ अडवणारा पडदा बदलायचा म्हणून कंपनीला कळवलंय, त्यांचा माणूस बडोद्याहून यायचाय. चंद्रप्रकाशनं एकेक व्हॉल्व्ह मला दाखवला, सगळे पूर्ण उघडे. आणि तरी गुरुवारी धार नाही. मग विश्वस्त म्हणतात, डॉक्टर, तुमच्या विज्ञानानं काय केलं? काय सांगू त्यांना?"

"प्रेशर किती दाखवतो?"

"काटा बिघडलाय. चंद्रप्रकाशनं काढून ठेवलाय."

सुलक्षणा उठून उभी राहिली. "चंद्रप्रकाश कुठाय आत्ता?"

"जेवायला. बाबांकडेच जेवतो तो."

"मग गच्चीची किल्ली घ्या."

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पंप घरघरत होता. दोन माणसं उभी मावतील एवढी जागा. लांबट पांढऱ्या नळकांड्यात तो पडदा होता आणि नळकांड्यातून दोन नळ्या बाहेर पडत होत्या. एक शुद्ध पाण्याची, खाली यंत्रांकडे जाणारी. दुसरी सांडपाण्याची. त्या दुसरीवर लाल चाकाचा एक व्हॉल्व्ह होता, आणि तिचं पाणी एका उघड्या नरसाळ्यात पडून पुढं भिंतीतल्या पाइपात जात होतं. पाइपाचा सांधा नवाकोरा होता. सुलक्षणानं कठड्यावरून वाकून पाहिलं. पाइप भिंतीवरून उतरून गटाराकडे जातच नव्हता. तो जमिनीत शिरत होता, आणि त्याच्या पुढची माती नुकतीच उकरून बुजवल्यासारखी होती. ती माती सरळ जांभळाच्या झाडाकडे जात होती.

"डॉक्टर, शुद्ध पाण्याकडे बघत राहा," ती म्हणाली आणि लाल चाक उघडायला लागली.

एक फेरा, दोन फेरे. नरसाळ्यात पाणी उसळलं. शुद्ध पाण्याच्या पारदर्शक नळीतली धार आकसत आकसत थेंबांवर आली. डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. सुलक्षणानं चाक उलटं फिरवून पुन्हा होतं तिथं आणलं. धार परत आली.

"पण हे कसं शक्य आहे? तुम्ही तर व्हॉल्व्ह उघडलात! उघडल्यावर पाणी वाढायला पाहिजे!"

"होज पाइपनं झाडांना पाणी घालताना आपण तोंडावर अंगठा धरतो ना? म्हणजे आत दाब तयार होतो. इथं तसंच आहे. मीठ मागं ठेवून पाणी पडद्यातून पलीकडे जायचं तर त्याला मागून जोराचा दाब लागतो. हा व्हॉल्व्ह म्हणजे तो अंगठा. अर्धवट बंद असेल तरच दाब राहतो. पूर्ण उघडला की दाब गेला, सगळं पाणी सोप्या वाटेनं निघून गेलं. सगळे व्हॉल्व्ह उघडे आहेत असं त्यानं तुम्हाला दाखवलं, ते खरंच होतं. तोच तर रोग होता. आणि काटा जागेवर असता तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

डॉक्टर जयंती पंपाला टेकून उभ्या राहिल्या. "माझ्या रोग्यांना तो मेला तीर्थ म्हणून क्षारांचं सांडपाणी पाजतोय. मी आत्ता विश्वस्तांकडे जाते. पोलिसांकडे जाते."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"विश्वस्त बंद खोलीत बसतील. चंद्रप्रकाशची बदली होईल. बाबा म्हणतील माता रुसली, आणि पुढच्या महिन्यात मुलुंड सोडून जोगेश्वरीला नाहीतर बोरिवलीला गोमुख बसवतील. मला तो तसा सुटायला नकोय." सुलक्षणाचा आवाज अगदी वर्गात शिकवतानासारखा होता. "ज्या लाउडस्पीकरवरून त्यानं माझ्या भावाला पाणी प्यायला सांगितलं, त्याच लाउडस्पीकरसमोर मला तो उघडा पाडायचाय. गुरुवारी."

"तुमच्या सुडासाठी मी माझा एकही रोगी ताटकळत ठेवणार नाही."

"ठेवू नका. गुरुवारचे सगळे बुधवारीच घ्या. आणि प्रत्येकाला कानात सांगा, तीर्थाला तोंड लावू नका."

डॉक्टरांनी गच्चीच्या दाराची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवली.

घरी आल्यावर तिनं द्रौपदीला सगळं समजावायला घेतलं. दाब, पडदा, क्षार. द्रौपदीनं मध्येच हात वर केला.

"माका काय्येक सांगू नको. खंयचो रंग कधी घालूचो ता तेवढां सांग."

तो गुरुवार मोठा होता. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष स्वतः हार घालून पहिल्या रांगेत बसले होते. हॉस्पिटलमागचा हा सगळा तुकडा नव्या खाटांसाठी राखलेला होता. तो आज बाबांच्या मठाला द्यायचं जाहीर होणार होतं. चंद्रप्रकाश गच्चीवर लाल चाक उघडून आला, बाबांना हळूच मान हलवून दाखवली आणि शंख घेऊन उभा राहिला. तो खाली येताच, जिन्याच्या वळणावर स्टीलचे डबे घेऊन बसलेली एक बाई उठली, गच्चीवर गेली आणि आतून कडी घातली. हॉस्पिटलात डबे घेऊन येणाऱ्या बायकांकडे कोण बघतो?

खिडकीतला नळ ठिबकायला लागला. गोमुख कोसळायला लागलं. जयजयकार झाला. सुलक्षणा गर्दीतून वाट काढत कुंडापाशी आली, तशी बाबांनी तिला ओळखलं. माणूस धीट होता, घाबरला नाही. उलट त्यानं हात पसरले.

"ये बेटी, ये! भक्तहो, ही आपल्या दशरथची बहीण. दशरथ मातेच्या दारी आला, पण मनात शंका घेऊन. माता काय करणार? आज ही मातेची माफी मागायला आलीय. घे बेटी, माइक घे. मागून घे."

त्यानं तो स्वतःच्या हातानं दिला. सुलक्षणाला वाटलं होतं की माइक हिसकावून घ्यावा लागेल.

"मला माफी मागायचीय," ती म्हणाली, आणि आवार शांत झालं. "पण त्याआधी बाबांना एक विचारायचंय. बाबा, ही गंगा कुठून येते?"

"पाताळातून, बेटी! या जांभळाच्या मुळांतून! तिचा माग माणसाला लागणार नाही."

"वरून नाही येत?"

"वरून?" बाबा हसले. "वर तर विलायती मशीन आहे. तिथं माता क्षणभर थांबत नाही."

"ठीक आहे. मग लाल येऊ दे."

बाबांना वाटलं बाई भावाच्या दुःखानं बरळतेय. पण लाउडस्पीकर मोठा होता, आणि गच्चीवर स्पष्ट ऐकू जात होता. गोमुखाची धार गुलाबी झाली, मग कुंकवासारखी लालभडक. गर्दीतून किंकाळी उठली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका जागीच लोटांगण घालून पडल्या. अध्यक्षांनी चपला काढल्या.

बाबा स्वतः दचकले होते, पण धंद्यात मुरलेला माणूस. पापणी लवायच्या आत उभे राहिले. "रक्त! मातेचा कोप! शंकेखोर बाईच्या पायरवानं मातेनं रक्त ओकलं! हिला बाहेर काढा!"

दोन-तीन तगडी पोरं पुढं सरसावली. सुलक्षणा जागची हलली नाही.

"थांबा. कोप आहे ना? मग कोपाचा पुढचा रंग मी सांगते. हिरवा."

लाल धार मळकट झाली आणि तिच्यातून हिरवीगार, अगदी कोथिंबिरीच्या चटणीसारखी धार आली. पुढं आलेली पोरं थबकली. आता कुणी ओरडलं नाही. सगळे गोमुखाकडे बघायचे, मग सुलक्षणाकडे, मग पुन्हा गोमुखाकडे.

चंद्रप्रकाशच्या हातून शंख पडला. तो जिन्याकडे धावला. वर दार धडाधड वाजवल्याचा आवाज खालपर्यंत आला.

"आता निळा," सुलक्षणा म्हणाली.

निळा आला. मागं कुठंतरी एक म्हातारा खुदकन हसला. त्या हसण्यानं बाबांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्याच भाषणानं केलं नसतं. आणि नेमकं तेव्हाच गच्चीच्या कठड्यावर एक डोकं दिसलं, कोपरापर्यंत रंगलेले दोन हात दिसले, आणि कणकवलीचा खणखणीत आवाज सगळ्या आवारावर पडला.

"गो सुला! जांभळो घालू काय? डब्यात उरलोहा!"

आवार हशानं फुटलं. माणसं अक्षरशः पोट धरून हसायला लागली. अध्यक्षांनी घाईघाईनं चपला परत पायात घातल्या.

हसू ओसरेपर्यंत सुलक्षणा थांबली. मग तिनं अगदी साध्या शब्दांत सांगितलं. गच्चीवर पडदा कसा आहे, पाणी त्यातून दाबानं कसं ढकलतात, मागं उरलेलं क्षारांचं पाणी कुठल्या नळीनं बाहेर पडतं, त्या नळीवरचं लाल चाक पूर्ण उघडलं की खिडकीतला नळ का आटतो आणि तेच पाणी पाइपानं उतरून गोमुखात का कोसळतं. डॉक्टर जयंती खिडकीत उभ्या होत्या. "वहिनी, चाक हळूहळू बंद कर," सुलक्षणा माइकमध्ये म्हणाली. खिडकीतला नळ वाहू लागला. "उघड." आटला. "बंद कर." वाहिला. मंत्र नाही, घूं घूं नाही. डॉक्टरांनी खिडकीतल्या नळाखाली काचेचा ग्लास धरून वर उचलला. पाणी नितळ होतं. "हे तुमच्या माणसांच्या यंत्राचं पाणी," सुलक्षणा म्हणाली. "आणि त्यातून काढून टाकलेली घाण तुम्ही बाटल्या भरून घरी नेताय."

मग तिनं तांब्या कुंडात बुडवला. सगळे रंग मिसळून पाणी काळपट झालं होतं.

"घ्या बाबा."

"काय?"

"तीर्थ. कितीही प्यायलं तरी अंगात साठत नाही. तुम्हीच म्हणाला होतात. रंग जिलेबीतला आहे, बाधत नाही. प्या."

बाबांनी गर्दीकडे पाहिलं. पण ज्या डोळ्यांत इतके दिवस भक्ती होती, त्यांत आता काही वेगळंच होतं. "प्या की!" कुणीतरी ओरडलं. "आम्हाला पाजता ना!" पोरं पुन्हा पुढं सरकली, पण आता दुसऱ्या बाजूला. बाबांनी तांब्या तोंडाला लावला. एक संपला. सुलक्षणानं दुसरा भरला. मग तिसरा. दाढीवरून काळे ओघळ छापील वाघावर पडत होते. चौथा त्यांनी दोनदा थांबून कसाबसा संपवला.

डॉक्टर जयंती खाली आल्या होत्या. त्यांनी सुलक्षणाचा दंड धरला. "पुरे. याला काही होणार नाही. याच्या किडन्या चांगल्या आहेत."

"माहीत आहे," सुलक्षणा म्हणाली. "तासाभरात हा सगळं बाहेर टाकेल आणि मोकळा होईल. माझा दादा होऊ शकला नाही." आणि तिनं पाचवा तांब्या भरला.

तो बाबांना गेला नाही. ते कुंडाच्या कडेला वाकले आणि भडाभडा ओकले, स्वतःच्याच गंगेत. सुलक्षणा ते शेवटपर्यंत बघत राहिली. तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिनं कुणापासून लपवलं नाही.

पोरांनी आता बाबांच्या मानेला धरलं होतं. कुणीतरी नारळ उगारला.

"मारू नका!" ती माइकमध्ये ओरडली. "दया म्हणून नाही सांगत. याला मारलंत तर उद्या हा पट्ट्या बांधून फिरेल आणि जखमांवर नवा मठ उभा करेल. याला पोलिसांत जाऊ दे. दशरथ मेस्त्री कसा मेला, ते मी तिथं सांगणार आहे, डॉक्टर सांगणार आहेत. आणि तुमच्यापैकी ज्यांनी त्याला तांब्या भरून दिला, त्यांनीही येऊन सांगायचंय."

पोलीस आले. चंद्रप्रकाशला जिन्यातूनच नेलं. अध्यक्षांनी मठाचा विषय काढलाच नाही, आणि निघताना गाडीत बसेपर्यंत मान वर केली नाही. गर्दी हळूहळू पांगली. भरलेल्या बाटल्या लोकांनी जांभळाच्या मुळाशी ओतल्या आणि रिकाम्या तशाच टाकून गेले.

एकच बाई कुंडाजवळ राहिली. रुक्मिणीबाई. तिचा नवरा दर बुधवारी यंत्राला लागायचा. तिनं आपली बाटली ओतली नव्हती.

"झालं तुझं समाधान?" ती सुलक्षणाला म्हणाली. आवाजात राग होता. "तुझा भाऊ गेला, तू सूड घेतलास. माझा नवरा जिता आहे. डॉक्टर म्हणतात बरा होणार नाही, नुसता चालवायचा. हा मेला बाबा निदान बरा होईल तरी म्हणायचा. आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

गच्चीवरून उतरून आलेली द्रौपदी मागं येऊन उभी राहिली होती, रंगलेले हात पदराला पुसत.

"तुमचा नवरा बरा होईल असं मी सांगणार नाही," सुलक्षणा म्हणाली. "जो सांगेल, त्याच्यापासून लांब राहा. पण वेळेवर यंत्राला लागला आणि पाणी मोजून प्यायला, तर तो वर्षानुवर्षं तुमच्यासमोर जेवायला बसेल. माझ्या दादालाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. एवढंच खरं होतं, आणि ते ऐकायला गोड नव्हतं म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो. तुम्ही जाऊ नका. कुणीही चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी त्याच्या मागं जाऊन बघा. पाइप कुठून येतो ते विचारा. विचारल्यावर जो रागावेल, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका."

"आणि उन्हाळ्यात तेंका लय तहान लागतली," द्रौपदी मागून म्हणाली. "तेव्हा बर्फाचो खडो द्या. एकच. आणि शेजारी बसा. एकट्याक तहान सोसवणां नाय."

रुक्मिणीबाईनं तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी गटारात ओतून दिलं.